पाटीवरचा दूरध्वनी क्रमांक

१५ जानेवारी २०२१ रोजी देशातील दूरध्वनीच्या व्यवहारात एक लहानसा बदल झाला. तारेने जोडलेल्या दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करावयाचा तर क्रमांकाच्या आधी शून्य फिरविणे त्या दिवसापासून सक्तीचे झाले. वृत्तपत्रांनी बातमी छापली आणि घरोघरच्या लोकांनी दोन-चार दिवसांत नवी सवय लावून घेतली. शाळा, पतपेढ्या, ग्रंथालये, विश्वस्त संस्थांच्या कचेऱ्या अशा ठिकाणी मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. तेथील टेबलावरच्या फोनला बाहेरची लाइन मिळण्यासाठी बहुधा आधीच एक शून्य फिरवावे लागते. त्यानंतरचे दुसरे शून्य म्हणजे एस.टी.डी.; आणि एस.टी.डी. तर बिलाच्या धास्तीने कित्येक वर्षांपूर्वी कुलूप घालून बंद केलेली. ज्या ज्या बोर्डावर असे कुलूप होते, त्या बोर्डावरून त्या दिवशी एकाही मोबाइलला फोन जाण्याचा मार्ग उरला नाही. यंत्र बिघडले नव्हते. पूर्वी दिलेला हुकूमच ते इमानाने पाळीत होते.

हे कुलूप काढावयाचे कोणी? ज्या हेडक्लार्कना त्याचा संकेतांक ठाऊक होता, ते निवृत्त होऊन गावी गेलेले. ज्याने बोर्ड बसविला, त्याचा पत्ता कोणाच्या वहीत नाही. बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका कपाटांच्या कोणत्या तरी स्थलांतरात रद्दीत गेलेली. शिवाय तो काळ महासाथीचा. मुंबईतल्या शाळांचे वर्ग बंद, कचेऱ्या अर्ध्या मनुष्यबळावर चाललेल्या. साहजिकच प्रत्येकाने खिशातला मोबाइल काढला आणि काम भागविले. नंतर वर्ग भरू लागले, कचेऱ्या पूर्ववत झाल्या; टेबलावरचा फोन मात्र अनेक ठिकाणी तसाच मुका राहिला. 'बोर्ड जुना झाला, आता नवा घ्यावा लागेल' असा शेरा एखाद्या सभेच्या इतिवृत्तात पडला आणि विषय संपला.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत अशा जुन्या संस्था दाटीवाटीने आहेत. त्यांच्या दारावरच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर, माहितीपत्रकावर एक दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाला उत्तर देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो संस्थेच्या कारभाराचा आणि थोडासा अर्थशास्त्राचाही आहे.

या शहराचे दूरध्वनीशी नाते जुने आहे. मुंबईत पहिले एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाले. पण सर्वसामान्य मराठी कुटुंबाच्या आठवणीतला फोन त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी येतो, आणि तोही स्वतःचा नव्हे. चाळीच्या तळमजल्यावरच्या वाण्याचा, डॉक्टरांचा किंवा एखाद्या छापखान्याचा क्रमांक आपल्या नावापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरे घालून लिहावयाचा, ही गिरगावातली सर्वमान्य रीत होती. निरोप आला की कोणी तरी पोरगे जिना चढून हाक मारी. म्हणजे नावाला फोन एक आणि वापरणारी बिऱ्हाडे पन्नास.

या साध्या वस्तुस्थितीची किंमत देशाने एकदा मोजलेली आहे. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने १९६४ मध्ये एका बेल्जियन कंपनीशी करार करून 'क्रॉसबार' पद्धतीची एक्स्चेंजे बनविण्यास घेतली. ही यंत्रणा आखली गेली होती ती एका फोनवरून दिवसाकाठी बेताचेच बोलणे होते असे गृहीत धरून. आपल्याकडे फोन थोडे आणि प्रत्येकावर बोलणारे पुष्कळ. भर वेळेला यंत्रणा गुदमरू लागली. न लागणारे फोन आणि भलत्याच ठिकाणी लागणारे फोन हा शहरी संभाषणाचा आणि विनोदाचा नित्याचा विषय झाला. दोष केवळ यंत्राचा नव्हता. यंत्र कोण, किती आणि कसे वापरणार याची चौकशी ते घेण्यापूर्वी पुरेशी झाली नव्हती. पुढे १९८१ मध्ये नेमलेल्या सरीन समितीने इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजांची दिशा दाखविली. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्लीचे दूरध्वनी महानगर टेलिफोन निगमाकडे आले. सी-डॉटने सुरुवातीलाच १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले. त्याच सुमारास कचेऱ्यांतल्या दोऱ्या-खुंट्यांच्या स्विचबोर्डाची जागा ईपीएबीएक्स नावाच्या पेटीने घेण्यास प्रारंभ झाला.

जुन्या स्विचबोर्डापुढे एक ऑपरेटर बसत असे. कोणाचा फोन कोठे द्यावयाचा, मुख्याध्यापक वर्गावर असतील तर निरोप कोणाकडे ठेवावयाचा, रोज फोन करणारा भांडखोर पालक कोण, हे सारे तिच्या डोक्यात असे. पेटी आली आणि ऑपरेटरची जागा, बहुतेक ठिकाणी, रद्द झाली. पेटी स्वस्त पडली यात शंका नाही. पण ऑपरेटरच्या डोक्यातली माहिती पेटीत आपोआप उतरत नाही. ती कोणी तरी भरावी लागते आणि कोठे तरी लिहून ठेवावी लागते. बचतीचा हिशेब मांडताना हे काम कोणाच्या नावावर लिहिले गेले नाही. आज ज्याला आपण जुन्या यंत्रणेचा बिघाड म्हणतो, त्याचा फार मोठा भाग या न लिहिलेल्या माहितीचा आहे.

म्हणून नवा बोर्ड घेण्यापूर्वी जुन्याचे निदान करावयास हवे, आणि त्यासाठी अभियंता लागतोच असे नाही. पन्नास-साठ वर्षांची एखादी शाळा घ्या. बाहेरच्या दोन लाइन, आतल्या दहा-बारा जोडण्या, जिन्याखालच्या कोनाड्यात भिंतीवर बसविलेली पेटी. फोन खरखरतो, मध्येच तुटतो किंवा अजिबात लागत नाही. पहिली गोष्ट, निगमाची तार इमारतीत जेथे प्रवेश करते तेथे ती बोर्डापासून सोडवून तिला थेट एक साधा, चालू असल्याची खात्री असलेला फोन लावून पाहावा. डायल टोन स्वच्छ आला तर बिघाड आपल्या घरातला. तेथेच खरखर असेल किंवा शांतता असेल तर बिघाड बाहेरचा. मग तक्रार नोंदवावयाची, आणि लाख रुपयांचा बोर्ड आणला तरी त्याने काही होणार नाही. ही पाच मिनिटांची परीक्षा न करता संस्था नवी यंत्रणा खरेदी करतात आणि आठवड्याने त्याच खरखरीसह तिचे उद्घाटन करतात.

बिघाड घरातला ठरला तरी तो बोर्डातलाच असेल असे नाही. आधी वीज पाहावी. पेटीला स्वतःचा वीजपुरवठा लागतो. काही बोर्डांना जोडीला छोटी बॅटरी असते. ती चार-पाच वर्षांत निकामी होते आणि तिच्याकडे कोणी पाहात नाही. मग वीज क्षणभर गेली तरी बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. चालू बोलणे तुटते, आणि काही जुन्या बोर्डांत भरून ठेवलेल्या सूचनाही पुसल्या जातात. त्यानंतर एकेक जोडणी. ग्रंथपालांचा फोन बंद असेल तर त्यांची तार शेजारच्या चालू खुंटीवर लावून पाहावी. बिघाड तारेबरोबर हलला तर दोष तारेत किंवा फोनमध्ये. खुंटीपाशीच राहिला तर बोर्डातल्या त्या पट्टीत. पट्टी बदलता येते. सगळी पेटी फेकण्याचे कारण नसते. आणि गडबड केवळ पावसाळ्यात होत असेल तर भिंतीकडे पाहावे. ओल आलेली भिंत, हिरवे पडलेले तांब्याचे सांधे, उंदरांनी कुरतडलेली तार, रंगकाम करणाऱ्याने जोडणीच्या पेटीवरून बिनदिक्कत फिरविलेला ब्रश: जुन्या इमारतींतले बहुसंख्य आजार हे असे. हिंदमाता आणि दादरच्या सखल भागांत पाणी साचते तेव्हा रस्त्याखालच्या तारांचे जे होते ते जिन्याखालच्या तारांचेही थोड्या प्रमाणात होत असते.

एवढे केल्यावर उरते ते बोर्डातल्या सूचनांचे काम: कोणत्या जोडणीला बाहेर फोन करता येतो, येणारा फोन आधी कोठे वाजतो, तो कोणी उचलला नाही तर किती घंटांनी दुसरीकडे जातो. शून्याचे कुलूप यातच बसते. अनेक शाळांत येणारा फोन आजही प्रथम अशा खोलीत वाजतो, की जेथे दहा वर्षांपूर्वी कार्यालय होते आणि आता क्रीडासाहित्य ठेवलेले आहे. बाहेरच्या माणसाला घंटा ऐकू येत राहते. आतल्याला काहीच ऐकू येत नाही. 'शाळेत कोणी फोन उचलत नाही' हा पालकांचा रोष आणि 'आमच्याकडे फोन येतच नाहीत' ही कर्मचाऱ्यांची साक्ष, दोन्ही खरी असतात.

मग संस्था निदान का करीत नाहीत? एक कारण असे, की निदान करणारा आणि विकणारा हे बहुधा एकच असतात. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिताना दाखविले, की ज्या व्यवहारात एका पक्षाला दुसऱ्याहून फार अधिक ठाऊक असते तेथे साध्या बाजाराचे नियम चालत नाहीत. रुग्णाला डॉक्टरवर विश्वास टाकावा लागतो. टेलिफोन बोर्डाच्या विक्रेत्यापुढे बसलेला मुख्याध्यापक त्या रुग्णाहून वेगळ्या स्थितीत नसतो. दोनशे रुपयांचा सांधा बदलून विक्रेत्याला काय मिळणार? दुसरे कारण अनुदानाच्या रचनेत आहे. अनुदानित शाळेचे वीजबिल, फोनबिल, किरकोळ दुरुस्ती हे सारे वेतनेतर अनुदानातून भागवावयाचे, आणि ते किती तोकडे व किती उशिरा येते हे कोणत्याही शाळेच्या लिपिकाला विचारावे. याउलट नव्या वस्तूसाठी देणगीदार मिळू शकतो. नव्या वस्तूवर नावाची पाटी लावता येते. सांधा बदलल्याची पाटी कोण लावणार?

निगमाच्या बाजूनेही हीच कथा मोठ्या प्रमाणावर घडली आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी महानगर टेलिफोन निगमाचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच दिवशी बाहेर पडले. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या कंपनीचा वेतनखर्च त्यामुळे कमी झाला, हे मान्य. पण गावदेवीच्या किंवा प्रभादेवीच्या एक्स्चेंजमधून निघालेली तार कोणत्या गल्लीतून, कोणत्या चाळीच्या कोणत्या भिंतीवरून जाते, हे ज्यांना पायांनी ठाऊक होते तेही त्यांच्यातच होते. २०२५ पासून निगमाच्या सेवांचे काम भारत संचार निगम पाहात आहे. तांब्याच्या तारा अनेक ठिकाणी काढल्या जात आहेत आणि त्यांची जागा फायबर घेत आहे. हा बदल योग्य आहे. पावसाळ्यात सडणाऱ्या तांब्याला कवटाळून बसण्यात काही अर्थ नाही. देशातल्या तारेच्या जोडण्या २००६ च्या सुमारास ५ कोटींच्या आसपास होत्या, त्या २०२० पर्यंत २ कोटींवर घसरल्या आणि त्यानंतर पुन्हा वाढल्या त्या फायबरमुळेच.

लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत हा बदल होऊन पुष्कळ काळ लोटला. तेथे फोन संगणकाच्या जाळ्यातूनच चालतो आणि तो सांभाळण्यास वेगळी पगारी माणसे असतात. प्रश्न आहे तो रुळांच्या अलीकडच्या, लालबाग-परळच्या जुन्या वस्तीतल्या संस्थांचा, जेथे टेलिफोन हे कोणाचेच काम नाही. आणि जे काम कोणाचेच नसते ते सर्वांत कनिष्ठ माणसाकडे येते.

ते कसे येते हे एकदा स्पष्ट पाहावे. कार्यालयाचा फोन बंद पडला. पालकांना सूचना द्यावयाच्या आहेत, शिक्षण खात्यातून माहिती मागविली जात आहे. लिपिक बाई आपल्या मोबाइलवरून फोन करतात. त्यांचा क्रमांक शंभर पालकांच्या फोनमध्ये जमा होतो. पुढच्या सूचनापत्रावर 'संपर्कासाठी' म्हणून तोच छापला जातो. मग रात्री साडेदहाला दाखल्याची चौकशी होते, रविवारी फीची सवलत विचारली जाते, अनोळखी माणसे अवेळी फोन करतात, नको ते संदेश येतात. हँडसेट त्यांचा, दरमहाचे शुल्क त्यांचे, मनस्ताप त्यांचा. संस्थेच्या जमाखर्चात टेलिफोनखर्च कमी झालेला दिसतो आणि लेखापरीक्षक समाधान व्यक्त करतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारावे, की हा खर्च गेला कोठे? तो नाहीसा झालेला नाही. संस्थेच्या वहीतून निघून तो एका तुटपुंज्या पगाराच्या कर्मचाऱ्याच्या घरात जाऊन बसला आहे. तेथे त्याची नोंद होत नाही इतकेच. शिक्षकांची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

दुसरा भार फोन करणाऱ्यावर पडतो. ज्याची ओळख आहे त्याला खासगी क्रमांक मिळतो; ज्याची नाही, त्याच्यापाशी फक्त पाटीवरचा क्रमांक असतो. मुलगा-सून कामावर गेलेली लालबागमधली आजी नातू अजून घरी कसा आला नाही म्हणून शाळेला फोन करते, तो याच क्रमांकावर. परळच्या केईएम, वाडिया किंवा टाटा रुग्णालयात माणूस दाखल असताना कोकणातून, घाटावरून त्याची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांपाशी कोणत्या डॉक्टरांचा मोबाइल असणार? सार्वजनिक क्रमांक मुका झाला की संस्था ओळखीच्या माणसांपुरती उरते. शिवाय बाई निवृत्त झाल्या किंवा बदलून गेल्या की तो क्रमांकही त्यांच्याबरोबर जातो. संस्थेचे फोन त्यांना पुढे वर्षभर येत राहतात, आणि संस्थेला मात्र आपल्याला कोण शोधत होते ते कळत नाही.

तेव्हा यंत्रणा बदलावयाचीच असेल तर काय पाहावे? विजेचा प्रश्न पहिला. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवर चालतो. घरातली वीज गेली तरी तो जिवंत राहतो. फायबरची पेटी वीज गेली की बंद होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळी मुंबई काही तास अंधारात गेली, तो दिवस शहराच्या लक्षात आहे. नव्या पेटीला आणि बोर्डाला मिळून काही तास पुरेल अशी बॅटरी लावणे हा चैनीचा खर्च नव्हे. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोनचे जाळे बंद करण्याची ठरलेली मुदत डिसेंबर २०२५ होती. ती जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संकटसूचक यंत्रे त्या तारांवर अवलंबून होती. श्रीमंत देशालाही आधी चौकशी न करण्याचा भुर्दंड पडतो, एवढे त्यावरून दिसते.

दुसरा प्रश्न खुद्द क्रमांकाचा, आणि तो संस्थांना एकट्याने सोडविता येणारा नाही. मोबाइलची कंपनी बदलली तरी क्रमांक कायम ठेवण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. तारेच्या दूरध्वनीला ती मिळालेली नाही. एखाद्या ग्रंथालयाचा क्रमांक चाळीस वर्षे तोच आहे. शहराने अंक वाढविले, २००२ मध्ये सर्वांच्या पुढे दोनाचा आकडा लागला, तरी मूळ क्रमांक लोकांच्या वह्यांत टिकून राहिला. सेवा नीट मिळत नाही म्हणून त्या ग्रंथालयाने दुसऱ्या कंपनीकडे जावयाचे ठरविले, तर हा क्रमांक त्याला सोडून द्यावा लागतो. जो क्रमांक टिकविण्यासाठी ते वाईट सेवा सोसत राहते, तोच त्याच्या पायातली बेडी होतो. अशा बांधलेल्या ग्राहकासाठी कोणती कंपनी धावपळ करील? व्यक्तीला जो हक्क दिला तो शाळेला, रुग्णालयाला, ग्रंथालयाला नाकारण्यास आता तांत्रिक सबब फारशी उरलेली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हा विषय हाती घ्यावा आणि सुरुवात सार्वजनिक संस्थांपासून करावी. तोपर्यंत, लाइन परत करण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विश्वस्तांनी आपला क्रमांक कोठे कोठे छापलेला आहे याची एकदा मोजदाद केलेली बरी.

संस्थेच्या अखत्यारीतले काम त्या मानाने लहान आहे. कोणती तार कोठे जाते, कोणती जोडणी कोणाची, संकेतांक काय, बॅटरी कधी बदलली, हे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावी आणि दुसरी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. कार्यालयीन वेळेत फोन कोण उचलणार हे नावानिशी ठरवावे, आणि ते त्या व्यक्तीच्या कामाच्या यादीत लिहावे. मोबाइल लागणारच असेल तर तो संस्थेच्या नावावर घेतलेला असावा आणि संध्याकाळी कार्यालयातच राहावा. लिपिकाचा खासगी क्रमांक सूचनापत्रांवरून काढून टाकण्यास तर एक पैसाही खर्च नाही. पुढील वर्षाची माहितीपत्रके छापखान्यात जातील तेव्हा त्यांवर कोणता क्रमांक छापावयाचा, हा विषय त्याआधीच्या सभेपुढे ठेवता येईल.